दोन नावं, एक खुर्ची आणि ताटावरून उठलेली लेक

ताई, नमस्कार.
मी मूळचा साताऱ्याचा. गेली १९ वर्षं अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात गणित शिकवतो. गेल्या वर्षी मला खेळ विभागावर प्राध्यापकांचा प्रतिनिधी नेमलं आणि आता अमेरिकन फुटबॉलचा हेड कोच निवडायच्या समितीत माझं नाव आलंय. शेवटच्या फेरीत दोघे उरलेत. एक ५२ वर्षांचे, गोरे, एका लहान विद्यापीठात सहा वर्षं हेड कोच. ७४ पैकी ४८ सामने जिंकलेले. दुसरे ३९ वर्षांचे, कृष्णवर्णीय, एका मोठ्या संघाचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाची बाजू सांभाळणारे कोच. हेड कोच कधीच नव्हते. आमच्या संघातली निम्म्याहून जास्त मुलं कृष्णवर्णीय आहेत, या खुर्चीवर मात्र आजवर तसा माणूस बसलेला नाही. समितीतले एक जण म्हणतात, ‘विविधता छानच, पण आपल्याला सामने जिंकायचेत.’ एक बाई म्हणतात, ‘या खेपेला चेहरा बदललाच पाहिजे.’ मला दोघांचंही थोडं पटतं, दोघांचंही खटकतं. घरी जेवताना मी बोलून गेलो, ‘मी साताऱ्याहून इथवर गुणवत्तेवर आलो, त्यांनीही तसंच यावं.’ कॉलेजात शिकणारी लेक ताटावरून उठून गेली. मी काय करू?
— समितीतला एक

(बैठक जवळ आली होती म्हणून हे उत्तर मी त्यांना आधीच पाठवलं. त्यांच्या परवानगीनं आता इथे देते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

सर, नमस्कार.

तुम्ही गणिताचे, म्हणून आधी आकड्यांचंच बोलू. ७४ पैकी ४८ हा आकडा टेबलावर ठेवला की भारदस्त दिसतो. दुसऱ्या माणसाच्या नावापुढे काहीच नाही, आणि बघता बघता ते ‘काहीच नाही’ अपयशासारखं दिसायला लागतं. पण शून्य सामन्यांत शून्य विजय म्हणजे शून्य टक्के नव्हेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती जागा रिकामी आहे, एवढंच. ती रिकामी का राहिली हे विचारणं समितीचं काम आहे, आणि ते विचारायला तुमच्याइतका योग्य माणूस त्या टेबलावर दुसरा नसेल.

त्या ४८ विजयांनाही प्रश्न विचारा. संघ हातात आला तेव्हा जिंकत होता की तळाला होता? शेवटच्या दोन वर्षांत आलेख चढलाय की उतरलाय? त्यांच्या कॉन्फरन्समधल्या (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातल्या) इतर संघांच्या मानानं त्यांच्याकडे पैसा किती होता? कमी पैशात, तळातून वर आणलेला संघ असेल तर ते ४८ खरोखर मोठे आहेत आणि त्या गृहस्थांना त्याचं पुरेपूर श्रेय मिळायला हवं.

आता रिकाम्या जागेबद्दल. कॉलेज फुटबॉलमधली शिडी तुम्हाला वर्षभरात दिसली असेल. खेळणं संपलं की माणूस आधी एखाद्या गटाचा कोच होतो: रनिंग बॅकचा, रिसिव्हरचा, डिफेन्सिव्ह लाइनचा. मग कोऑर्डिनेटर, मग हेड कोच. विद्यापीठांना सगळ्यात जास्त भुरळ पडते ती ऑफेन्स म्हणजे आक्रमण चालवणाऱ्याची, त्या आक्रमणाची सूत्रं हातात असलेला खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक, घडवणाऱ्याची. आणि या देशात कित्येक दशकं कृष्णवर्णीय मुलगा क्वार्टरबॅक म्हणून आला की ‘तू पळतोस छान’ म्हणत त्याला दुसऱ्या जागी हलवायचे. वॉरन मून यांनी १९७८च्या रोझ बोल या मानाच्या सामन्यात वॉशिंग्टन विद्यापीठाला जिंकून दिलं, त्या सामन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले, तरी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) त्यांचं नाव कुणी पुकारलं नाही. ते कॅनडात गेले आणि तिथे लागोपाठ पाच अजिंक्यपदं जिंकणाऱ्या संघात खेळले. ज्या मुलाला क्वार्टरबॅक होऊ दिलं नाही तो पुढे क्वार्टरबॅकचा कोच होत नाही, ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर होत नाही, आणि वीस वर्षांनी एखादी समिती त्याच्या अर्जाकडे बघून प्रामाणिकपणे म्हणते, ‘माणूस चांगला आहे, पण अनुभव कमी पडतो.’ त्या समितीतलं कुणीही वाईट नसतं. मला जास्त त्रास त्याचाच होतो.

एडी रॉबिन्सन यांनी ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाच्या संघाला १९९७ पर्यंत ४०८ सामने जिंकून दिले. एवढे विजय नावावर असलेला माणूस गोऱ्यांच्या एकाही मोठ्या विद्यापीठाच्या हेड कोचच्या खुर्चीत कधी बसला नाही. अशा वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठात पहिले कृष्णवर्णीय हेड कोच झाले विली जेफ्रीज, विचिटा स्टेटमध्ये, आणि ते साल होतं १९७९. आज त्या श्रेणीतले जवळपास निम्मे खेळाडू कृष्णवर्णीय आहेत आणि हेड कोच मात्र आठ-दहांत एखादा.

म्हणून आधी तुमच्या लेकीकडे येते.

तुम्ही साताऱ्याहून गुणवत्तेवर आलात, यात मला तिळभर शंका नाही. पण गुणवत्ता असूनही दार न उघडलेला माणूस आपल्याच मातीत होऊन गेलाय, त्याची आठवण करून देते. क्रिकेटपटू पालवणकर बाळू. चांभार समाजातला हा मुलगा पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेटमध्ये गोऱ्या साहेबांना गोलंदाजी टाकायचा. तासन्‌तास टाकायचा. बॅट मात्र त्याच्या हाती कुणी दिली नाही. पुढे हिंदू संघात घेतलं, कारण त्याच्याशिवाय युरोपियनांना हरवणं कठीण होतं. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू चालायचा. चहाच्या सुट्टीत त्याला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या पेल्यात चहा. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. आणि कर्णधारपद? ते वर्षानुवर्षं हुकत गेलं. १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदू संघानं त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा (हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन संघांची) जिंकली.

गोलंदाजी टाक, बॅट मागू नकोस, कप्तानीचं नावच काढू नकोस. पळ, झेल, टॅकल कर, पण क्वार्टरबॅक होऊ नकोस, कोच होऊ नकोस. सर, या दोन वाक्यांत मला तरी फार अंतर दिसत नाही. तुमच्या मुलीनं बाळूंचं नाव ऐकलं नसेल. तिला फोन करा आणि ही गोष्ट सांगा. ‘माझं चुकलं’ असं सुरुवातीलाच म्हणायची गरज नाही. गोष्ट सांगता सांगता ते वाक्य तुमच्या तोंडून येईल. आणि तिला एक विचारा: तिच्या कॉलेजच्या संघात तिच्या वयाची मुलं त्यांच्या कोचबद्दल काय बोलतात? त्यातलं काही समितीच्या कामाचं निघेल.

मी गेली ३० वर्षं साऊथ बेंडपासून, म्हणजे नोत्र दाम विद्यापीठाच्या गावापासून, तासाभराच्या अंतरावर राहते, त्यामुळे पुढचं मी जवळून पाहिलंय. २००२ मध्ये नोत्र दामनं टायरोन विलिंगहॅम यांना हेड कोच केलं. त्या विद्यापीठात कुठल्याही खेळातले ते पहिले कृष्णवर्णीय हेड कोच. आधीच्या मोसमात संघ ५ जिंकून ६ हरला होता. यांनी पहिले आठच्या आठ जिंकले. त्या शरदात स्टेडियम हिरव्या टी-शर्टांनी भरून जायचं, किराणा दुकानात रांगेतली अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायची. मोसम संपला तेव्हा १० विजय, ३ पराभव. पुढची दोन वर्षं मात्र पडती गेली आणि २००४च्या अखेरीस, तीन मोसमांतच, त्यांना काढलं. पहिल्या कराराची मुदत संपायच्या आत नोत्र दामनं हेड कोच काढल्याची ती पहिली वेळ.

त्यांच्या जागी चार्ली वाइस आले. पहिल्याच मोसमाच्या मध्यात, सात सामन्यांनंतर, त्यांच्या हातात दहा वर्षांचा नवा करार होता. ते पाच मोसम टिकले. आता तुमचं गणित: विलिंगहॅम २१ विजय, १५ पराभव. वाइस ३५ विजय, २७ पराभव. पहिल्याचे साधारण ५८ टक्के, दुसऱ्याचे ५६. एकाला तीन वर्षं, दुसऱ्याला पाच, आणि वर दहा वर्षांचा शब्द.

खरं बोलायचं तर पूर्ण बोलते. विलिंगहॅम तिथून वॉशिंग्टनला गेले आणि तिथे त्यांचं फार वाईट झालं. चार वर्षांत ११ विजय, ३७ पराभव, शेवटचा मोसम तर बाराच्या बारा हार. म्हणजे त्यांना काढणारे लोक निव्वळ आंधळे होते असं मी म्हणू शकत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. धीर नावाची गोष्ट एकाला मोजून मिळाली आणि दुसऱ्याला ओंजळ भरून.

त्याच विद्यापीठानं डिसेंबर २०२१ मध्ये मार्कस फ्रीमन यांना खुर्ची दिली. वय ३५. हेड कोच कधीच नव्हते. तिथेच वर्षभर डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते. ओळखीचं वाटतंय ना? त्यांचं नाव कळल्यावर खेळाडूंनी केलेल्या जल्लोषाचा व्हिडिओ तेव्हा सगळीकडे फिरला. आणि मग २०२२च्या मोसमात घरच्या मैदानावर मार्शलसारख्या लहान संघाकडून हार. २०२४ मध्ये पुन्हा घरच्या मैदानावर, नॉर्दर्न इलिनॉयकडून, १६-१४. दोन्ही वेळा आमच्या भागात लोक डोकं धरून बसले होते. २००४चा धीर असता तर दुसऱ्या वेळी सामान बांधायला सांगितलं असतं. विद्यापीठ थांबलं. त्याच मोसमात संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला; जानेवारी २०२५ मध्ये ओहायो स्टेटकडून ३४-२३ असा हरला, पण कॉलेज फुटबॉल प्लेऑफ या राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात संघ नेणारे फ्रीमन हे पहिले कृष्णवर्णीय हेड कोच ठरले. माझ्या डोळ्यांसमोर एकाच मैदानावर या दोन्ही गोष्टी घडल्या.

आता समितीतले ते गृहस्थ म्हणतील, तुम्ही सोयीची उदाहरणं देताय. त्यांना गैरसोयीचं उदाहरण मीच देते. २००८च्या अखेरीस ऑबर्न विद्यापीठाला कोच हवा होता. टर्नर गिल यांनी बफेलोसारख्या पडीक संघाला कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. ऑबर्ननं त्यांना डावलून जीन चिझिक यांना घेतलं, ज्यांचा आयोवा स्टेटमधला हिशेब होता ५ विजय, १९ पराभव. चार्ल्स बार्कली, ऑबर्नचेच माजी बास्केटबॉल खेळाडू, उघड संतापले. आणि झालं काय? २०१०च्या मोसमात चिझिक यांनी राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. गिल कॅन्ससला गेले आणि दोन वर्षांत तिथे त्यांचाही हिशेब झाला ५ विजय, १९ पराभव. आकडेसुद्धा तेच.

एका नेमणुकीनं काहीच सिद्ध होत नाही. ऑबर्नचं विजेतेपद त्या निवडीला न्याय्य ठरवत नाही आणि गिल यांचं अपयश पुढच्या कृष्णवर्णीय उमेदवाराचं अपयश होत नाही. पण प्रत्यक्षात तसं होतं. गोरा कोच हरला की तो माणूस हरतो. कृष्णवर्णीय कोच हरला की ‘आम्ही तो प्रयोग करून पाहिला’ असं म्हणतात. तुमच्या समितीत हे वाक्य कुणाच्या तोंडी आलं तर तिथल्या तिथे अडवा.

आणखी एक गोष्ट तपासायला सांगते. युटा स्टेट विद्यापीठातल्या ॲलिसन कुक आणि क्रिस्टी ग्लास यांनी पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या नेमणुकांचा हिशेब मांडून २०१३ मध्ये दाखवलं की अल्पसंख्याक कोचांच्या वाट्याला आधीपासून हरणारे संघ जास्त येतात, आणि ते सावरले नाहीत की त्यांच्या जागी गोरा कोच येतो. फुटबॉलमधलं उदाहरण सिल्व्हेस्टर क्रूम यांचं. एसईसी या दक्षिणेतल्या बलाढ्य कॉन्फरन्समधले ते पहिले कृष्णवर्णीय हेड कोच, मिसिसिपी स्टेट, २००४ पासून. हाती आलेला संघ तीन वर्षांत मिळून आठ सामने जिंकलेला. २००७ मध्ये त्यांनी एकाच मोसमात आठ जिंकून दाखवले. २००८ मध्ये ४-८ झालं आणि ते गेले. तुमचा संघ आज कुठल्या अवस्थेत आहे, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. तो बुडत असेल, तर ‘या खेपेला चेहरा बदलू’ हा उत्साह बुडत्या नावेच्या वेळीच का आला, हेही विचारून बघा.

त्या बाईंबद्दल. त्यांची कळकळ खरी असणार, पण त्यांचं वाक्य समितीच्या टिपणात गेलं तर घोटाळा होईल. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानं नोकरी वंशावरून देता येत नाही, तशी नाकारताही येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या ३९ वर्षांच्या माणसाचा विचार करा. त्यानं पंधरा वर्षं रात्ररात्र सामन्यांची फिल्म पाहिली असेल, घरच्यांपासून दूर राहिला असेल. त्याला खुर्ची मिळाल्यावर पहिल्याच पराभवानंतर कुणी म्हणालं, ‘चेहऱ्यासाठी घेतलाय,’ तर ते त्या बाईंनीच कुजबुजणाऱ्यांच्या हाती दिलेलं असेल. जॉन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये जॉर्जटाउनला बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवून दिलं. ‘असं करणारे तुम्ही पहिले कृष्णवर्णीय कोच’ असं कौतुक त्यांना रुचलं नाही. आपल्या आधीही हे करू शकणारे लोक होते, त्यांना संधी दिली गेली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. विविधतेची खरी जागा शोधाच्या सुरुवातीला असते. ऑरेगनमध्ये २००९ पासून कायदाच आहे की सरकारी विद्यापीठानं हेड कोच नेमताना निदान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायची. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सनं २०२० मध्ये बास्केटबॉलचे थोर खेळाडू बिल रसेल यांच्या नावानं तसाच नियम केला. दोन्ही नियम दार उघडायला सांगतात. आत आल्यावर निवड गुणावरच. तुमच्याकडे दार उघडलंय, ही त्या बाईंची मिळकत आहे आणि तसं त्यांना जरूर सांगा.

‘जिंकायचंय’ म्हणणाऱ्या गृहस्थांनाही मी हलकं मानत नाही. मी मिरजेच्या शाळेत असल्यापासून खो-खो खेळले. हरायला कुणी मैदानात उतरत नाही, आणि खेळणाऱ्या मुलांना विजयाचं वेड नसेल तर तो संघच नव्हे. पण कॉलेजचा विजय बनतो कुठे? बराचसा अठरा वर्षांच्या मुलाच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. कोच तिथे जाऊन बसतो आणि त्या मुलाची आई विचारते, ‘माझ्या पोराकडे तुम्ही कोण बघणार? पदवी मिळेल का त्याला?’ ती ज्याच्यावर विश्वास ठेवते त्याच्याकडे खेळाडू येतात. तुमच्या संघात निम्म्याहून जास्त मुलं ज्या घरांतून येतात, त्या घरांत कुणाचा शब्द चालतो, हा प्रश्न निखळ विजयाचा आहे. त्याचं उत्तर गोरे गृहस्थही असू शकतात. उत्तम गोरे कोच पिढ्यान्‌पिढ्या अशा घरांतून बसले आहेत. पण विचारल्याशिवाय कळणार नाही. दोघांनी आणलेल्या मुलांपैकी किती टिकली, किती पदवीधर झाली, किती सोडून गेली, याचे आकडे मागवा. आणि दोघांच्या हाताखाली खेळून बाहेर पडलेल्या चार-चार खेळाडूंशी तुम्ही स्वतः फोनवर बोला. संदर्भ म्हणून उमेदवारांनी दिलेली नावं सोडून दुसरी चार. कोऑर्डिनेटरच्या बाबतीत हेही विचारा की सामन्यात डावपेच खरोखर तो पुकारायचा, की त्याचा हेड कोच.

डॉन स्टेली यांचं नाव तुमच्या मुलीला नक्की ठाऊक असेल. २००८ मध्ये त्या साउथ कॅरोलायनात महिला बास्केटबॉलच्या हेड कोच झाल्या. पहिला मोसम १० विजय, १८ पराभव. दुसरा १४-१५. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या मुख्य स्पर्धेत संघ पोचायला चौथा मोसम उजाडला. मग २०१७, २०२२ आणि २०२४ अशी तीन विजेतेपदं, शेवटचं तर ३८ पैकी ३८ सामने जिंकून. दुसऱ्या वर्षाअखेरीस कुणी ‘आम्हाला जिंकायचंय’ म्हणून त्यांना घरी पाठवलं असतं तर जिंकण्याचीच वाट बंद झाली असती.

मला स्पष्ट विचाराल तर, तुमच्या पत्रावरून मला कळतं तेवढ्यात, माझा कल त्या ३९ वर्षांच्या माणसाकडे आहे. डावपेच तोच पुकारत असेल आणि त्याचे जुने खेळाडू त्याच्याबद्दल मनापासून बोलत असतील तर त्याच्या नावापुढच्या रिकाम्या जागेला मी घाबरणार नाही. पण फोन झाल्यावर ४८ विजयवाल्या गृहस्थांचं पारडं जड निघालं तर त्यांना मत द्या आणि मुलीला कारणं सांगा. तुम्ही खरोखर तपासलंत हे तिला दिसेल.

एक काम मात्र मतदानाच्या आधी करा. करार किती वर्षांचा, असिस्टंट कोचांच्या पगाराला किती पैसे, आणि पहिल्या दोन मोसमांत दर मोसमाला बारापैकी आठ सामने हरले तर विद्यापीठ काय करणार, ही तीन उत्तरं अ‍ॅथलेटिक डायरेक्टरांकडून (खेळ विभागाच्या प्रमुखांकडून) लेखी मागा. दोघांपैकी कुणीही आला तरी लागू पडतील अशी. देणगीदारांच्या दडपणापुढे ते टिकतील का, हेही तिथेच विचारा. पहिल्या वाईट मोसमानंतर फोन त्यांचेच येतात. ते म्हणतील, आधी नाव ठरू दे, मग अटी बघू. तेव्हा तुम्ही हटून बसा. नाव ठरायच्या आत तो कागद सह्यांसकट तुमच्या फाइलमध्ये हवा.

तुमची,
ताई